घाई नको, वेग हवा : पिस्तूल नेमबाजीत वेग आणि अचूकपणा एकत्र कसा येतो?

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर आपल्या घरांमध्येही नेमबाजीची चर्चा सुरू झाली. मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवलं. तुर्कस्तानचा ५१ वर्षांचा युसूफ दिकेच रोजचा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्य घेऊन गेला. त्याचा फोटो तर आपल्या मुलांच्या मोबाईलवर अजून फिरतोय.

त्यानंतर मुलं-मुली विचारू लागली, "अब्बा, मला रेंजवर जायचंय." आणि अब्बा-अम्मी गप्प झाले. कारण आपल्याला ठाऊक आहे. खर्चाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न मनात असतो : आपल्या मुलाच्या हातात पिस्तूल दिसलं तर लोक काय म्हणतील? शेजारी, पोलीस, नातेवाईक काय समजतील? ही भीती खोटी नाही आणि आम्ही ती हसण्यावारी नेणार नाही. पण भीतीचं उत्तर माहितीत असतं. म्हणून हा खेळ नेमका काय आहे, त्यात वेग आणि नेम कसा सुधारतो आणि घरच्यांनी कोणती काळजी घ्यायची, हे आज समजून घेऊ.

पिस्तुलाचे खेळ कोणते?

पहिला आणि सुरुवातीला सगळ्यात सोयीचा म्हणजे १० मीटर एअर पिस्तूल. यात बारूद नसते, हवेच्या दाबाने ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. पात्रता फेरीत ६० शॉट्स आणि ७५ मिनिटं असतात. म्हणजे एका शॉटला सरासरी सव्वा मिनिट. इथे वेगापेक्षा स्थिरता महत्त्वाची, कारण दहा गुणांचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं.

दुसरा २५ मीटरचा. यात .२२ ची काडतुसं वापरतात. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलात ३० शॉट्स सावकाश आणि ३० शॉट्स वेगात मारायचे असतात. वेगाच्या भागात हात खाली ४५ अंशात ठेवून उभं राहायचं. हिरवा दिवा लागला की ३ सेकंदांत हात वर आणून एक शॉट, मग ७ सेकंदांची विश्रांती, पुन्हा ३ सेकंद. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये समोर पाच टार्गेट्स असतात आणि पाच शॉट्स आधी ८, मग ६, मग ४ सेकंदांत मारायचे असतात. विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये यातच रौप्य मिळवलं.

तिसरा प्रकार म्हणजे 'प्रॅक्टिकल शूटिंग'. १९७६ साली अमेरिकेत त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अमेरिका, युरोप, फिलिपिन्स, थायलंड अशा ठिकाणी हा खेळ मोठा आहे. फ्रान्सचा एरिक ग्रॉफेल यात अनेक वेळा विश्वविजेता झाला आहे. खेळाडू दोन्ही हातांनी पिस्तूल धरतो, एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो आणि वेगवेगळ्या अंतरावरच्या टार्गेट्सवर शॉट्स मारतो. हा ऑलिम्पिक खेळ नाही आणि आपल्या मुलांनी सुरुवात तिथून करावी असंही आम्ही म्हणत नाही. पण वेग आणि अचूकपणाचा हिशेब सगळ्यात स्वच्छ दिसतो तो याच खेळात. म्हणून आधी तो हिशेब पाहू.

वेगाचं गणित

प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये मिळवलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. जो आकडा येतो त्याला 'हिट फॅक्टर' म्हणतात. टार्गेटच्या मधल्या 'ए' भागाला ५ गुण, 'सी' भागाला ३, कडेच्या 'डी' भागाला १ (हलक्या काडतुसाच्या हिशेबाने), आणि शॉट पूर्ण चुकला तर १० गुण वजा.

समजा आठ टार्गेट्स आहेत, प्रत्येकावर दोन शॉट्स, म्हणजे एकूण १६. तीन मुलं खेळतात.

पहिला मुलगा फार सावध. सगळे १६ शॉट्स 'ए' मध्ये, ८० गुण, पण २० सेकंद लागले. हिट फॅक्टर ४.

दुसऱ्याने १२ शॉट्स 'ए', ३ 'सी' आणि १ 'डी' मारला. ७० गुण, १६ सेकंद. हिट फॅक्टर जवळजवळ ४.३८.

तिसरा सुसाट सुटला. १४ सेकंदांत संपवलं, पण ११ 'ए', २ 'सी', २ 'डी' आणि एक शॉट चुकला. ६३ मधून १० गेले, उरले ५३. हिट फॅक्टर ३.७९.

जिंकला कोण? दुसरा. अतिसावध मुलगा हरला आणि घाई करणारा त्याच्याही मागे राहिला. जल्दी का काम शैतान का, असं आपल्या घरात नानी-दादी उगाच म्हणत नाहीत. पण त्यांनी 'काम रेंगाळत करा' असंही कधी म्हटलं नव्हतं.

आता अजून एक पायरी पुढे जाऊ. हिट फॅक्टर ४ असेल तर एका सेकंदाची किंमत ४ गुण. शॉट 'ए' ऐवजी 'सी' मध्ये गेला तर २ गुण, म्हणजे अर्धा सेकंद गेला. 'डी' मध्ये गेला तर एक सेकंद. पूर्ण चुकला तर हातचे ५ गेले आणि वर १० कापले, एकूण १५ गुण, म्हणजे पावणेचार सेकंद! एका चुकलेल्या शॉटची भरपाई करायला बाकीच्या शॉट्समधून पावणेचार सेकंद वाचवावे लागतील. १६ शॉट्सच्या खेळात ते जवळपास अशक्य आहे. म्हणून जाणते नेमबाज सांगतात की वेग वाढवण्याचा पहिला उपाय म्हणजे शॉट न चुकवणं.

वेळ जाते कुठे?

नवशिक्यांना वाटतं, बोट भराभर चालवलं की वेग येतो. तसं नसतं. वेळ जाते ती शॉटच्या आधी आणि दोन शॉट्सच्या मध्ये. हात वर आणायला, साईट शोधायला, एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जायला, पाय हलवायला. चाप ओढायला लागणारी वेळ त्यामानाने किरकोळ असते.

म्हणून सुधारणा करायची ती या मोकळ्या जागांमध्ये. शॉट सुटला की डोळे आधी पुढच्या टार्गेटवर जातात आणि हात डोळ्यांच्या मागून येतो. नवशिका उलटं करतो. हात फिरवतो आणि मग डोळ्यांनी शोधत बसतो. महिलांच्या ३ सेकंदांच्या शॉटमध्येही तेच. हात वर येत असतानाच चापावरचा पहिला दाब आलेला असला पाहिजे. हात थांबला, साईट जुळली, आणि आता चापाकडे वळू, असं केलं तर तीन सेकंद पुरत नाहीत. मग शेवटच्या क्षणी झटका बसतो.

नेम का चुकतो? एक मिलिमीटरची गोष्ट

पिस्तुलाला दोन साईट असतात. मागची, जिच्यात खाच असते, आणि पुढची, जी त्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. समजा दोघींमधलं अंतर २०० मिलिमीटर आहे आणि पुढची साईट खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली. तर २५ मीटरवर शॉट किती सरकेल? २५,००० भागिले २००, म्हणजे १२५ मिलिमीटर. साडेबारा सेंटिमीटर! वेगाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे बाकी सगळं बरोबर असूनही शॉट दहाच्या बराच बाहेर गेला.

उलट, दोन्ही साईट नीट जुळलेल्या आहेत आणि पूर्ण हातच एक सेंटिमीटर हलला, तर शॉटही साधारण एक सेंटिमीटरच हलतो. म्हणजे हात थोडा डोलला तर घाबरू नका, तो सगळ्यांचा डोलतो. साईट वाकडी झाली तर मात्र नुकसान मोठं. म्हणून प्रशिक्षक सारखे सांगतात : टार्गेट थोडं धूसर दिसू द्या, नजर पुढच्या साईटवर ठेवा.

यातच वेगाचंही उत्तर आहे. हीच एक मिलिमीटरची चूक ७ मीटरवर फक्त साडेतीन सेंटिमीटर होते. म्हणजे जवळच्या मोठ्या टार्गेटवर साईट अगदी तंतोतंत जुळायची वाट पाहत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. लांबच्या टार्गेटवर मात्र तेवढं थांबावंच लागतं. प्रॅक्टिकलचा चांगला खेळाडू सगळे शॉट्स एकाच लयीत मारत नाही. अंतर पाहून तो ठरवतो की इथे किती पाहणं पुरेसं आहे.

चाप : खरी परीक्षा इथेच

एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम आणि २५ मीटरच्या पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम दाब लागतो. हा दाब सरळ मागे आला पाहिजे. आता सुटणार, आता आवाज होणार, या विचाराने मन आधीच दचकतं आणि मूठ आवळली जाते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे शॉट्स पुन्हा पुन्हा खाली डावीकडे जात असतील तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. साईटचे स्क्रू फिरवण्याआधी आपलं बोट तपासा.

मूठ पहिल्या शॉटपासून शेवटच्या शॉटपर्यंत एकसारखी हवी. फार घट्ट धरली तर हात थरथरतो, सैल धरली तर शॉटनंतर पिस्तूल हातात सरकतं आणि पुढच्या शॉटआधी पुन्हा पकड बसवावी लागते. तिथेच वेळ गेली.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. चाप सुटला त्या क्षणी साईट कुठे होती ते मनात म्हणायचं : "वर, उजवीकडे, नऊ." मग स्क्रीन पाहायची. तुमचं म्हणणं आणि स्क्रीन जुळू लागली की समजा नजर तयार झाली. ज्याला आपली चूक स्क्रीन न पाहता कळते तोच वेगात खेळू शकतो, कारण त्याला मान वळवून पाहत बसावं लागत नाही.

सराव कसा करावा?

पहिली गोष्ट, रिकाम्या पिस्तुलाचा सराव, ज्याला 'ड्राय प्रॅक्टिस' म्हणतात. पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून हात उचलायचा, साईट जुळवायची, चाप ओढायचा आणि साईट हलली का ते पाहायचं. टार्गेट नसल्यामुळे लक्ष फक्त साईटवर राहतं. याला काडतुसाचा खर्च नाही. रोज वीस मिनिटं मन लावून केलेला हा सराव आठवड्यातून एकदा शंभर शॉट्स उडवण्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे. पण तो प्रशिक्षकाकडून शिकूनच करायचा. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासायचं आणि त्या खोलीत एकही छर्रा किंवा काडतूस ठेवायचं नाही.

दुसरी गोष्ट, वेळेचं बंधन हळूहळू आणा. आधी वेळ न लावता दहा शॉट्स मारा. दहापैकी नऊ हव्या त्या भागात बसू लागले की वेळ लावा, थोडी सैल. तिथेही नऊ बसले की थोडी कमी करा. सातवर घसरलात तर एक पायरी मागे या. मागे येण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट, अधूनमधून मुद्दाम आपल्या सोयीपेक्षा जास्त वेगाने खेळा. त्या दिवशी गुण मोजू नका, फक्त कुठे गडबड होते ते बघा. मूठ सुटते? डोळे मागे राहतात? श्वास अडकतो? जे सापडेल ते वहीत लिहा आणि पुढच्या आठवड्यात तेवढंच दुरुस्त करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फायदा झाला ते कळत नाही.

चौथी गोष्ट, शरीर. खांदा, पाठ, पोटाचे स्नायू आणि झोप. रमजानमध्ये पाणी कमी पडल्यावर हात लवकर थकतो. म्हणून रोजाच्या दिवसांत जड सराव इफ्तारनंतर ठेवा किंवा दिवसा फक्त थोडी ड्राय प्रॅक्टिस करा. प्रशिक्षकाला आधी सांगून ठेवलं तर तेही वेळापत्रक जुळवून घेतात.

सुरक्षितता ही आपल्या दीनचीही शिकवण आहे

रेंजवरचे नियम साधे आणि सक्त असतात. प्रत्येक पिस्तूल भरलेलं आहे असंच समजायचं. नळी कुणाच्याही दिशेने वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत असलं पाहिजे. डोळ्यांना चष्मा आणि .२२ साठी कानांना संरक्षण. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये नळी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली किंवा भरलेलं पिस्तूल हातातून पडलं तर खेळाडूला थेट स्पर्धेबाहेर काढतात, मग तो विश्वविजेता का असेना.

आपल्याला हे नवीन वाटू नये. तिरंदाजी शिकण्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उत्तेजन दिलं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच हदीसच्या संग्रहांमध्ये हेही आहे की आपल्या भावाकडे शस्त्र रोखू नये, आणि मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाताना टोकं हाताने धरून ठेवावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही. नेम शिकण्याची शिकवण आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी एकाच घरातून आली आहे. एक घेऊन दुसरी सोडता येत नाही.

पालकांसाठी : कायदा, खर्च आणि लोक काय म्हणतील

आपल्याकडच्या नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या, २० ज्यूलपर्यंत शक्ती असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. तरीही पक्कं बिल आणि ओळखपत्राची प्रत जपून ठेवा, आणि घेण्याआधी सध्याचे नियम क्लबकडून विचारून घ्या. .२२ च्या पिस्तुलाला मात्र परवाना लागतो आणि त्यासाठी वय २१ पूर्ण हवं. त्याआधी मुलं क्लबच्या पिस्तुलावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, नियमांत राहून शिकतात.

सुरुवातीला पिस्तूल विकत घेऊच नका. परदेशी बनावटीचं स्पर्धेचं एअर पिस्तूल लाखाच्या वर जातं. बऱ्याच क्लबमध्ये ताशी फी भरून त्यांचंच पिस्तूल वापरता येतं. सहा महिने मुलाचं मन टिकतं का ते पाहा, मग ठरवा. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आणि मुंबईत वरळीला जुनी रेंज आहे. इतर शहरांत जिल्हा रायफल असोसिएशनकडे चौकशी करा. नोंदणीकृत क्लबचं सदस्यत्व, स्पर्धेची प्रमाणपत्रं आणि बिलं एका फाईलमध्ये ठेवा. कुणी शंका घेतली तर ती फाईल तुमच्या वतीने बोलेल.

मुलींच्या बाबतीत एक प्रश्न हमखास येतो : हिजाबचं काय? इराणची हानिये रोस्तमियान हिजाब घालून टोकियो ऑलिम्पिकमध्ये पिस्तूल नेमबाजी खेळली. फक्त कापड डोळ्यांसमोर येणार नाही आणि हातात अडकणार नाही असं पिनने नीट बसवावं. .२२ ची गरम पुंगळी उडते म्हणून गळा बंद असलेला बरा. कानावरचं संरक्षण स्कार्फमुळे सैल बसत असेल तर आत घालायचे इअरप्लग वापरावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिस्तुलासोबत रील नको, स्टेटस नको, गल्लीत मित्रांना दाखवणं नको, लग्नात तर मुळीच नको. एअर पिस्तूल असलं तरी बघणाऱ्याला ते कळत नाही. एका रीलमुळे मुलाचं खेळातलं भविष्य संपू शकतं आणि घराला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागू शकतात. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, छर्रे वेगळे, घर ते रेंज आणि रेंज ते घर. हे मान्य नसेल त्या मुलाला हा खेळ देऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. हे मान्य असेल त्याला मात्र अडवू नका.

कारण हा खेळ मुलाला जे शिकवतो ते रेंजच्या बाहेरही कामाला येतं. आवाज झाला तरी दचकायचं नाही. झालेल्या चुकीवर रेंगाळायचं नाही आणि पुढचा शॉट पुन्हा पहिल्यासारखाच घ्यायचा. सब्र म्हणजे नुसतं थांबणं नाही. योग्य क्षणापर्यंत थांबणं आणि तो क्षण आला की न कचरता पुढे जाणं, दोन्ही त्यात आलं. तीन सेकंदांच्या त्या हिरव्या दिव्यात हेच शिकायचं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी मुलगी म्हणाली, "अब्बा, रेंजवर जायचंय," तर गप्प बसू नका. एका रविवारी तिच्यासोबत स्वतः जा, प्रशिक्षकाशी बोला, नियम वाचा, तासभर बसून बघा. मग निर्णय घ्या. इन्शाअल्लाह, तो निर्णय भीतीपोटी घेतलेला नसेल.